जुन्या ट्रॅक्टरचा ‘सेल्फ’ कां लागत नाहीं?

मृगाचा पाऊस होऊन जमीन वाफशावर आली आहे, शेजाऱ्याची पेरणी सुरू झाली आहे, आणि आपण ट्रॅक्टरवर बसून किल्ली फिरवितों तों इंजिनाच्या बाजूनें ‘टक्’ असा एकच आवाज येतो व सारें स्तब्ध होतें. पुन्हां किल्ली, पुन्हां ‘टक्’. दिवा लावून पाहावा तर तो लख्ख लागतो. भोंगाही खणखणीत वाजतो. मग घरांतील वडील माणसापासून गड्यापर्यंत सर्वांचें एकच मत पडतें कीं, बॅटरी तर चांगली आहे, अर्थात् सेल्फ जळाला. सेल्फ उतरवून तालुक्याच्या गांवीं जातो, दोन दिवस मोडतात, आणि वाफसा कांहीं आपल्याकरितां थांबत नाहीं. या निदानांतील सारी चूक त्या ‘अर्थात्’ शब्दांत आहे. ती कशी हें दाखवून, सेल्फला पाना लावण्यापूर्वीं दोष नेमका कोठें आहे हें शेतकऱ्यास आपल्याच अंगणांत, फार तर तासाभरांत, कसें ठरवितां येतें तें येथें सांगावयाचें आहे.

विवेचन बारा व्होल्टच्या जुन्या डिझेल ट्रॅक्टरांस धरून केलें आहे. असे ट्रॅक्टर आपल्याकडे पुष्कळ आहेत, आणि कित्येकांच्या मूळ कारखान्यांचें दारही आतां बंद झालें आहे, एच. एम. टी. चा ट्रॅक्टर-विभाग बंद करण्याचा निर्णय सरकारनें २०१६ सालीं घेतला, तरी त्या बनावटीचीं यंत्रें शेतांत राबतच आहेत. अशा यंत्राचा चांगला सेल्फ निष्कारण खोलून बिघडविणें परवडणारें नाहीं.

सेल्फ म्हणजे थोडा वेळ फार मोठें काम करणारी विजेची मोटर. १९१२ च्या कॅडिलॅक गाड्यांत चार्ल्स केटरिंग या अमेरिकन यंत्रज्ञाचा विजेचा स्टार्टर आला. तत्पूर्वीं हँडल मारून इंजिन चालूं करावें लागे, आणि उलट फिरलेल्या हँडलानें मनगट मोडणें ही नित्याची गोष्ट होती. आपले मिस्त्री सेल्फच्या पुढील दातेरी भागास ‘बेंडिक्स’ म्हणतात, तें नांवही व्हिन्सेंट बेंडिक्स या संशोधकाचें आहे. डिझेल इंजिनांत हवा दाबून तापवावयाची असल्यामुळें त्यास फिरविण्यास जोर अधिक लागतो, व तो हळू फिरलें तर ती हवा पुरेशी तापत नाहीं. म्हणून मंद फिरणारा सेल्फ व मुळींच न फिरणारा सेल्फ यांचा परिणाम बहुधा एकच होतो.

आतां मुख्य मुद्दा. ५५ वॅटचा दिवा बारा व्होल्टवर सुमारें साडेचार अँपिअर वीज घेतो. सेल्फ इंजिनास फिरवीत असतां दोनशें ते चारशें अँपिअर घेतो. आपण तीनशें धरूं. समजा, बॅटरीच्या खुंटावरील पकडीखालीं गंज साचून तेथें ओहमचा केवळ शंभरावा भाग इतका अडथळा उत्पन्न झाला आहे. दिव्याच्या साडेचार अँपिअरला त्या ठिकाणीं व्होल्टचा विसावा भागही खर्ची पडत नाहीं. दिव्याच्या उजेडांत तो फरक डोळ्यास दिसणें अशक्य. परंतु तीनशें अँपिअर तेथून जाऊं पाहतील तर तीन व्होल्ट त्या एका सांध्यांतच संपतील. बारांतून तीन असे वाटेंतच गेल्यावर सेल्फनें जोर कोठून आणावा? पाटाचें तोंड गवतानें निम्मेंअधिक बुजलें असलें तरी अंगणांतल्या तुळशीपुरती धार येतेच. उसाच्या सरीला पाणी लावूं गेलें म्हणजे तोंड बुजल्याचें कळतें. दिवा लागतो यावरून वीज येते एवढेंच सिद्ध होतें. सेल्फला पुरेल इतकी येते हें सिद्ध होत नाहीं.

परीक्षेस आरंभ करण्यापूर्वीं ट्रॅक्टर सपाट जागीं उभा करून हँडब्रेक ओढावा, सर्व गियर न्यूट्रलमध्यें आणावे, आणि इंजिन बंद करण्याची दोरी किंवा खुंटी ओढून धरण्यास एक भरंवशाचा माणूस आसनावर बसवावा, म्हणजे सेल्फ फिरला तरी इंजिन चालूं होणार नाहीं. बॅटरींतून निघणारा हायड्रोजन वायु पेट घेतो, तेव्हां जवळ विडी-काडी नको. हातांतलें कडें व आंगठी काढून ठेवावी. बॅटरी सोडतांना अंगाला जोडलेली, म्हणजे अर्थिंगची, तार प्रथम सोडावी व जोडतांना ती शेवटीं जोडावी. नाहींतर पान्याचें टोंक चुकून लोखंडास लागलें कीं ठिणग्या उडतात व पाना लाल होतो. फर्ग्युसनसारख्या जुन्या इंग्रजी ट्रॅक्टरांत धन टोंक अंगाला जोडलेलें असे, म्हणून अर्थिंग कोणत्या बाजूस आहे हें डोळ्यांनीं पाहून घ्यावें, गृहीत धरूं नये.

पहिली परीक्षा कानाची व डोळ्याची. समोरचा दिवा भिंतीवर पडेल असा लावून ठेवावा आणि माणसास किल्ली फिरविण्यास सांगावें. दिवा एकदम मंदावून तांबूस होत असेल, किंवा ‘टकटकटक’ असा भराभर आवाज येत असेल, तर बॅटरी उतरली आहे अथवा तिच्याजवळचा सांधा खराब आहे. दिवा तसाच लख्ख राहून ‘टक्’ असा एकच ठोका पडला तर वीज मोटरींतून जातच नाहीं. सोलेनॉइडचे आंतील संपर्क किंवा मोटरीचे कार्बन यांकडे पाहावें. दिवा लख्ख, आणि ठोकाही नाहीं, तर किल्ली, फ्यूज, बारीक तार व न्यूट्रल-स्विच यांपैकीं कांहीं तुटलें आहे. सेल्फ नुसता ‘घूं’ करून फिरतो व इंजिन जागचें हलत नाहीं, तर दोष विजेचा नव्हे, दात्यांचा. कांहीं ट्रॅक्टरांत किल्ली फिरवितांच दिवे आपोआप बंद होतात. तेथें ही दिव्याची खूण चालत नाहीं.

यापुढें मल्टिमीटर हवा. आतां साध्या विजेच्या दुकानांत तो स्वस्तांत मिळतो. त्याची किंमत सेल्फ एकदां उतरवून बसविण्याच्या मजुरीहून फारशी जास्त नाहीं. तो डी. सी. वीस व्होल्टवर ठेवावा. रात्रभर उभ्या असलेल्या ट्रॅक्टरच्या बॅटरीच्या दोन खुंटांवर टोंकें टेंकवून १२.६ च्या आसपास आंकडा आला तर बॅटरी भरलेली, १२.२ म्हणजे सुमारें निम्मी; १२ च्या खालीं म्हणजे जवळ जवळ रिकामी. अशी रिकामी बॅटरी प्रथम भरून घ्यावी, तोंवर पुढील परीक्षा व्यर्थ होय. चार्जरचा प्रवाह बॅटरीच्या क्षमतेच्या दहाव्या हिश्शाइतका ठेवावा. ८८ अँपिअर-तासांच्या बॅटरीस आठ-नऊ अँपिअर पुरे. घाईनें जास्त प्रवाह देऊन बॅटरी तापविणारे दुकानदार पुष्कळ भेटतात. त्यांच्यापाशीं उभें राहून हात लावून पाहावा हें बरें.

झांकणें उघडतां येणारी बॅटरी असेल तर हायड्रोमीटरनें सहाही कप्पे तपासावे. भरलेल्या बॅटरीच्या आम्लाचें विशिष्ट गुरुत्व १.२५० ते १.२८० असतें. सहांपैकीं एकच कप्पा इतरांहून ०.०५० नें किंवा अधिक खालीं असेल तर तो कप्पा बाद झाला, व त्याबरोबर बॅटरीही. पाणी कमी असल्यास डिस्टिल्ड पाणीच घालावें. विहिरीच्या पाण्यांतील क्षार पत्र्यांस घातक होतात. आम्ल मात्र आपल्या मनानें घालूं नये, कारण उडून जातें तें पाणी, आम्ल नव्हे. पावसाळ्यांत दोन-दोन महिने ट्रॅक्टर झोपड्यांत उभा राहतो व बॅटरी उतरलेल्या स्थितींतच पडून असते. तिच्या पत्र्यांवर शिशाचें गंधकित घट्ट बसतें, आणि मग ती भरल्यासारखी दिसूनही भार येतांच बसते.

म्हणूनच खुंटांवरील दुसरा आंकडा सेल्फ फिरवीत असतांना घ्यावा. तो ९.६ च्या खालीं घसरला तर बॅटरी अशक्त आहे किंवा सेल्फ प्रमाणाबाहेर वीज ओढीत आहे; चांगली माहीत असलेली दुसरी बॅटरी लावून पाहिल्यास यांपैकीं कोणतें तें लगेच उमगतें. तो साडेदहा-अकरावर टिकून आहे आणि तरीही सेल्फ मंद फिरतो, तर बॅटरीस दोष देण्याचें कारण उरलें नाहीं. वाट तपासावयास घ्यावी.

वाट तपासण्याची रीत सोपी असून तीच या लेखाचा गाभा आहे. मीटरचें एक टोंक बॅटरीच्या बिनअर्थिंगच्या खुंटावर टेंकवावें; पकडीवर नव्हे, तर शिशाच्या खुंटावरच. दुसरें टोंक सेल्फच्या जाड स्क्रूवर टेंकवावें आणि किल्ली फिरवावयास सांगावें. फिरत असतांना दिसेल तो आंकडा म्हणजे वाटेंत हरवलेले व्होल्ट. सर्व ठीक असतां तो अर्ध्या व्होल्टच्या आंत असतो. जास्त आला तर एक एक टप्पा निराळा मोजावा: खुंट ते पकड, पकड ते सोलेनॉइड, सोलेनॉइडचा एक स्क्रू ते दुसरा स्क्रू. ज्या टप्प्यावर आंकडा उडी मारतो तेथें रोग आहे. नंतर हीच रीत परतीच्या वाटेस लावावी: एक टोंक अर्थिंगच्या खुंटावर व दुसरें सेल्फच्या उघड्या लोखंडी अंगावर. येथें पाव व्होल्टहून फार अधिक येऊं नये. लोक पहिली वाट कशीबशी तपासतात, परतीची वाट मात्र कोणी पाहत नाहीं. वीज जितकी जाते तितकीच तिला परत यावें लागतें.

याबाबत मीं स्वतः शिकवणी भरली आहे. माझ्या पस्तीस अश्वशक्तीच्या ट्रॅक्टरचें क्लचचें काम एका वर्कशॉपांत केलें. काम झाल्यावर त्यांनीं हौसेनें त्यास रंगही दिला. ट्रॅक्टर नव्यासारखा दिसूं लागला आणि सेल्फ मंदावला. प्रथम बॅटरी नवी घेतली. चार दिवस बरें वाटलें. मग सेल्फ जुना झाला असें ठरलें व तोही बदलला. ऐन रब्बीच्या पेरणींत ट्रॅक्टर पुन्हां गड्यांनीं ढकलावा लागूं लागला. शेवटीं शेजारच्या गांवच्या, पंपाच्या मोटरी बांधणाऱ्या एका तरुणानें आपला मीटर आणून परतीची वाट मोजली. आंकडा २.६ आला. अर्थिंगची पट्टी जेथें गियर-पेटीला कसली होती तेथील बोल्ट काढला, तों पट्टीखालीं सुंदर गुळगुळीत तांबडा रंग! पट्टी रंगावर बसली होती आणि वीज केवळ बोल्टच्या आट्यांमधून वाट काढीत होती. कानशीनें रंग खरवडून, लोखंड चकचकीत करून, पट्टी घट्ट कसली व वरून व्हॅसलिन लावलें. यास दहा मिनिटें लागलीं. जुना सेल्फ मी मोडींत दिला होता. तो चांगलाच असला पाहिजे, ही रुखरुख अद्याप जात नाहीं.

मीटर जवळ नसेल तर दोन देशी परीक्षा आहेत. सेल्फ दहा सेकंद फिरवून लगेच प्रत्येक सांध्यास सांभाळून बोट लावावें. जेथें तीन व्होल्ट हरवतात तेथें तीनशें अँपिअरला नऊशें वॅट, म्हणजे कपड्यांच्या इस्त्रीइतकी उष्णता निर्माण होते, तेव्हां दोषी सांधा आपण होऊन नांव सांगतो. दुसरी अशी कीं, जाड जंपर-केबलीचें एक टोंक अर्थिंगच्या खुंटास व दुसरें इंजिनाच्या स्वच्छ लोखंडास लावावें. सेल्फ एकदम चपळ झाला तर अर्थिंग खराब. सांधा साफ करतांना वरून गंज पुसून भागत नाहीं. पकड काढून तिचा आंतील पृष्ठभाग व खुंट दोन्हीं काचकागदानें उजळ करावीं. केबलीच्या कानांत हिरवट गंज शिरला असेल तर ती बदलावी, आणि ती मूळ जाडीचीच घ्यावी. घरगुती वायरिंगची तार पिळून लावलेल्या केबली मीं पाहिल्या आहेत, त्यांच्याकडून काम होणें नाहीं.

सोलेनॉइड हा मोठा स्विच असून तो बारीक तारेनें चालतो. ठोकाच पडत नसेल तर त्याच्या बारीक तारेवर परीक्षा-दिवा लावून किल्ली फिरवावी. दिवा लागला तर वीज येथवर येते, सोलेनॉइड पाहावा. न लागला तर मागें मागें जावें: न्यूट्रल-स्विच, किल्ली, फ्यूज. जुन्या ट्रॅक्टरांत न्यूट्रल-स्विचची तार सुटणें किंवा गियरचा दांडा पुरता न्यूट्रलमध्यें न बसणें हें फार आढळतें. जुन्या फर्ग्युसन टी. ई. २० मध्यें, जो १९४६ पासून १९५६ पर्यंत इंग्लंडांत कॉव्हेंट्री येथें तयार होई, गियरचाच दांडा एका ठराविक खांचेंत नेल्यावर सेल्फ लागे. गियर पडला असतां सेल्फ लागणेंच शक्य नसे. ही योजना मनुष्याच्या प्राणासाठीं होती.

आणि येथें एका वाईट चालीविषयीं बोललें पाहिजे. किल्ली चालत नाहीं म्हणून जमिनीवर उभें राहून स्क्रू-ड्रायव्हरनें सोलेनॉइडचे दोन स्क्रू जोडणें, ज्याला कित्येक ‘डायरेक्ट करणें’ म्हणतात, यांत हुशारी समजली जाते. असें केल्यानें न्यूट्रल-स्विच वगळला जातो. ट्रॅक्टर चुकून गियरमध्यें असेल तर इंजिन घेतांच तो पुढें सरतो. आणि सेल्फ इंजिनाच्या बाजूस असल्यामुळें तो जोडणारा माणूस नेमका मागील मोठ्या चाकाच्या पुढेंच उभा असतो. बाजूस उडी मारण्यास वेळ मिळत नाहीं. देशोदेशीं शेतकरी व त्यांचीं मुलें अशा रीतीनें चाकाखालीं गेलीं आहेत. तपासणीकरितां सोलेनॉइड जोडणें भागच पडलें तर वर सांगितल्याप्रमाणें आसनावर माणूस, न्यूट्रल, ब्रेक व डिझेल बंद, एवढें झाल्याशिवाय हात लावूं नये. आणि रोजच्या चालूं करण्याची ती रीत तर कदापि होऊं देऊं नये. पूर्वींच्या मालकानें न्यूट्रल-स्विचच्या तारा एकत्र पिळून ठेवल्या आहेत काय, हेंही जुना ट्रॅक्टर घेणारानें पाहावें. डिझेल बंद करून, ब्रेक ओढून, क्लच पूर्ण दाबून गियर टाकावा व किल्ली फिरवावी. ज्या ट्रॅक्टरला असा स्विच मूळचा आहे, त्याचा सेल्फ याही स्थितींत फिरला, तर तो स्विच वगळलेला आहे.

बॅटरी, वाट व सोलेनॉइड निर्दोष ठरल्यावर मात्र सेल्फ उतरवावा. उतरविण्यापूर्वीं किल्ली फिरवीत असतां त्याच्या अंगावर लाकडी मोगरीनें हलका ठोका मारून पाहावा. ठोक्यासरशी फिरला तर कार्बन झिजले आहेत किंवा अडकत आहेत. कार्बन निम्म्याहून आंखूड झाले असतील तर सर्व एकदम बदलावे. ते आपल्या घरांत मोकळे सरकले पाहिजेत व स्प्रिंगांत जोर पाहिजे. कम्युटेटर काळा किंवा तेलकट असल्यास पेट्रोलच्या बोळ्यानें पुसून बारीक काचकागदानें उजळावा. एमरी-कागद वापरूं नये, त्याचे कण तांब्यांत रुततात. तांब्याच्या पट्ट्यांमधील अभ्रक कोरण्याची मिस्त्र्यांस संवय असते. कित्येक जुन्या सेल्फांत तें कोरूं नये असें कारखान्याचेंच सांगणें आहे, म्हणून माहितीपुस्तक पाहिल्याखेरीज कोरूं देऊं नये. आर्मेचरच्या अंगावर घासल्याच्या चकचकीत खुणा दिसल्या तर बुश झिजून तो खालीं बसला आहे. बुश अल्प किंमतीचे असतात, आर्मेचर महाग. नवे पितळी बुश बसविण्यापूर्वीं एक दिवस इंजिनाच्या पातळ तेलांत भिजत ठेवावे. आर्मेचर व बेंडिक्स डिझेलनें धुण्याची चाल वाईट. वेष्टन खराब होतें व बेंडिक्समधील ग्रीस निघून जातें.

सेल्फ नुसताच घरंगळत असेल तर बेंडिक्समधील एकदिशा-क्लच घसरतो, किंवा फ्लायव्हीलवरील कड्याचे दाते झिजले आहेत. दात्यांची गंमत अशी कीं, ते सर्वत्र सारखे झिजत नाहींत. इंजिन बंद होतांना दाबाच्या जागीं अडून थांबतें, म्हणून चार सिलिंडरचें इंजिन बहुधा समोरासमोरच्या दोन जागीं व तीन सिलिंडरचें तीन जागीं थांबतें, आणि बेंडिक्सचा मार नेहमीं तेथेंच बसतो. म्हणून एखादे वेळीं सेल्फ मुळींच धरीत नाहीं व इंजिन हातानें थोडें फिरविलें कीं चटकन् धरतो; असें होऊं लागलें तर सेल्फ बदलून उपयोग नाहीं. चार सिलिंडरच्या इंजिनांत कडें तापवून सैल करून पाव फेरा फिरवून पुन्हां बसविल्यास न झिजलेले दाते माराच्या जागीं येतात व बरींच वर्षें निघतात. मात्र त्यास ट्रॅक्टर मध्यें फोडावा लागतो, म्हणून क्लचच्या कामास ट्रॅक्टर खुला होईल तेव्हांच हें काम करून घ्यावें, आणि जोडणी होतांना अर्थिंगच्या पट्टीखालीं रंग राहिला नाहीं ना, हें समोर उभें राहून पाहावें.